वनभोजनापासून माथेरानच्या गाडीपर्यंत

'सहल' हा शब्द आज इतका घरगुती झाला आहे की त्याच्यामागे काही इतिहास असेल, अशी शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. रविवारचा दिवस, डब्यात पुरीभाजी, बरोबर एक सतरंजी, मुलांची गडबड आणि गावाबाहेरचा एखादा तलाव, धबधबा किंवा किल्ला, एवढी सामग्री जमली की सहल झाली. परंतु ही सामग्री आपोआप जमलेली नाही. रविवारची सुट्टी मिळवावी लागली, डोंगरावर जाणारी वाट बांधावी लागली, डोंगराकडे नुसते पाहण्यासाठी जाण्याची सवय मनाला लावून घ्यावी लागली. घरातील स्त्रियांनी उंबरठा ओलांडून पुरुषमंडळींबरोबर मोकळ्या हवेत बसावे, यालाही समाजाची संमती मिळावी लागली. या साऱ्या घडामोडी मुख्यत: एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून पुढच्या दीडशे वर्षांतल्या आहेत, आणि त्यांचा माग काढताना मराठी समाजाच्या घडणीच्या कितीतरी खुणा हाती लागतात.

जुन्या काळचा मराठी माणूस घरात बसून राहत असे, असे मात्र कोणी समजू नये. तो पुष्कळ चालत असे. पंढरीची वारी पायी होई, जेजुरीची जत्रा पायी होई, कोकणचे मीठ आणि मासळी घाटावर आणि घाटावरचे धान्य कोकणात बैलांच्या पाठीवरून जाई. सह्याद्रीतील कितीतरी घाटवाटा अशा पावलांनीच घडल्या. पण या प्रत्येक प्रवासाला काही निमित्त लागे. नवस असे, व्यापार असे, स्वारी असे, नाहीतर सोयरीक. सृष्टिसौंदर्य वाटेत भेटत असे. केवळ त्याच्या भेटीसाठी वाट धरावी, हा विचार त्या जीवनक्रमात बसणारा नव्हता. डोंगर म्हणजे सरपण, कुरण, दरड, वाघाचे भय आणि माथ्यावरचा देव. ज्याला रोज तो चढावा लागतो त्याला त्याचे कौतुक वाटायला थोडी उसंत हवी असते, आणि उसंत ही गोष्ट फार थोड्यांच्या वाट्याला येत असे.

याला एक गोड अपवाद होता, तो वनभोजनाचा. कार्तिक महिन्यात, विशेषत: शुद्ध नवमीनंतरच्या दिवसांत, गावाबाहेर आवळीच्या झाडाखाली जाऊन झाडाची पूजा करायची, तेथेच तीन दगडांची चूल मांडून स्वयंपाक करायचा आणि सर्वांनी मिळून जेवायचे, असा हा आवळीभोजनाचा प्रघात आहे. ज्या कोणी हा महिना निवडला असेल त्याच्या रसिकतेला दाद द्यावीशी वाटते. पाऊस संपलेला असतो, पण गवताचा हिरवा रंग पुरता उडालेला नसतो. ओढ्यांना पाणी असते आणि ते निवळलेले असते. ऊन सोसवते. आवळी फळांनी लवलेली असते. धर्माने दिलेले निमित्त घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडत, आणि पूजा आटोपल्यावर उरलेला सारा दिवस हा निर्भेळ मौजेचा असे. मुलांना झाडावर चढायला मिळे, आणि सासुरवाशिणींना चार भिंतींबाहेर मोठ्याने हसण्याची मुभा त्या दिवशी मिळे. आंध्र आणि तेलंगण या भागांतही कार्तिक वनभोजनाची हीच चाल आहे. हैदराबादेकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना ती परकी वाटण्याचे कारण नव्हते.

मात्र या चित्राला दुसरी बाजूही होती. वनात गेले तरी पंगत जातीची जातीतच बसे. ओढ्याच्या वरच्या अंगाला कोण आणि खालच्या अंगाला कोण, हे झाडाखालीही विसरले जात नसे. मोकळी हवा सर्वांची होती, पण तिचा उपभोग घेण्याची रीत गावातल्यासारखीच होती.

पेशवाईत पुण्याच्या आसपास बागा झाल्या. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर देवालय बांधले, त्यात १७४९ साली देवाची स्थापना झाली. पुढे पायथ्याशी मोठा तलाव झाला, तलावात बेट राखून त्यावर बाग करण्यात आली, आणि १७८४ साली, सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत, त्या बेटावर गणपती बसला. तळ्यातला गणपती तो हाच. तलावाकाठचा हिराबागही नानासाहेबांच्याच हौसेचा. ही सगळी रचना रम्य होती यात संशय नाही, परंतु ती दरबाराची होती. सर्वसामान्य पुणेकराला पर्वती चढून देवदर्शन घेता येई, आणि दर्शनानंतर माथ्यावरून शहर पाहता येई. तेवढाच त्याचा विहार. आता तळे बुजले आहे, तेथे सारसबाग झाली आहे, आणि ज्या हिरवळीवर एकेकाळी पेशव्यांच्या परवानगीवाचून पाऊल पडत नसे तेथे संध्याकाळी भेळ खाणारी कुटुंबे दाटीने बसलेली दिसतात. इतिहासाने केलेले हे हस्तांतर मोठे सुखद आहे.

डोंगराकडे पाहण्याची दृष्टी खऱ्या अर्थाने बदलली ती इंग्रजांच्या आगमनानंतर. त्यांना येथील उन्हाळा सोसत नसे. मुंबईच्या दमट हवेत त्यांची माणसे आजारी पडत आणि मरत. म्हणून थंड हवेची जागा शोधणे हा त्यांच्या दृष्टीने प्रथम आरोग्याचा प्रश्न होता, आणि सौंदर्याचा नंतर. १८२४ साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढून गेला. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम याने ती जागा मनावर घेतली, आणि १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन ते पठार कंपनीकडे आले. बदल्यात महाराजांना वाईजवळचे खंडाळा हे गाव मिळाले. नव्या वसाहतीला माल्कमपेठ असे नाव पडले.

वास्तविक महाबळेश्वर कोणी 'शोधून काढावे' असे अज्ञात नव्हते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानलेले ते क्षेत्र शतकानुशतके यात्रेकरूंना ठाऊक होते. पण यात्रेकरू गोमुखातून पडणारे पाणी पाही, स्नान करी आणि परत फिरे. इंग्रज मात्र तेथून पुढे, कड्याच्या टोकापर्यंत गेला, आणि दरीकडे तोंड करून खुर्ची टाकून बसला. एकाच पठारावर, काही मैलांच्या अंतराने, ही दोन महाबळेश्वरे उभी राहिली. एक क्षेत्र, दुसरे पेठ. क्षेत्रात माणूस देवाकडे पाहत असे, तर पेठेत तो देखाव्याकडे पाहू लागला. 'पॉइंट' हा शब्द मराठीत आला तो येथूनच. ज्या जागी उभे राहिले असता दरी सर्वांत चांगली दिसते ती जागा नेमकी ठरवायची, तिला कठडा घालायचा आणि कोणा साहेबाचे नाव द्यायचे. जेथून सावित्रीचे खोरे दिसते त्या कड्याला स्थानिक लोक मढीमहाल म्हणत असत. तो 'आर्थर सीट' झाला. नावे बदलली, पण पाहण्याची ती रीत मात्र मराठी माणसाने पुढे अगदी आपलीशी केली. आज पॉइंटावाचून थंड हवेचे ठिकाण त्याला पुरे वाटत नाही.

या वसाहती उभ्या कोणाच्या श्रमावर राहिल्या, हेही नोंदविण्यासारखे आहे. महाबळेश्वरी प्रारंभीच्या काळात चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले होते, आणि तेथे बटाटे व विलायती भाज्यांची लागवड त्यांच्या हातांनी वाढली. वेण्णा तलाव हा सातारच्या गादीवरील शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली बांधविला, तो पाण्याची सोय व्हावी म्हणून. त्यात नावा सोडून सहल करण्याची कल्पना नंतरची. साहेबाची मडम डोलीतून किंवा माणसांनी वाहिलेल्या खुर्चीतून घाट चढे. तिच्या आनंदाच्या आठवणी कधी रोजनिशीत उतरल्या, कधी चित्रात. खुर्ची वाहणाऱ्यांनी मात्र काही लिहून ठेवलेले नाही.

माथेरानची कथा याहून निराळी आहे, आणि मराठी कुटुंबाच्या सहलीच्या इतिहासात तिला अधिक महत्त्व आहे. १८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाजवळ मुक्कामाला होता. समोरचा दाट झाडीचा डोंगर पाहून त्याला कुतूहल वाटले, आणि गावच्या पाटलाला बरोबर घेऊन तो वर चढला. माथ्यावर रान होते. माथ्यावरचे रान ते माथेरान, ही व्युत्पत्ती सर्वश्रुत आहे. धनगर, ठाकूर आणि कातकरी लोकांचा तेथे वावर होता. मॅलेटला हवा आवडली, तो त्याच वर्षी पुन्हा आला आणि त्याने घर बांधले. काही वर्षांतच गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यानेही माथेरानला आपल्या निवासाची जागा निवडली, आणि वाटा, बंगले, बाजार यांची आखणी झाली.

माथेरानचे भाग्य असे की ते रेल्वेच्या वाटेवर आले. १८५३ सालच्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढच्या तीन वर्षांत लोहमार्ग घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोचला, आणि माथेरानच्या पायथ्याचे नेरळ त्या मार्गावरचे स्थानक झाले. १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला होऊन खंडाळा-लोणावळाही मुंबईच्या जवळ आले. या घाटाच्या कामात हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी मृत्युमुखी पडले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हाही थोड्याच अवधीत वारला, आणि ते अवघड काम त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट हाती घेऊन चालू ठेवले. पावसाळ्यात गाडीच्या खिडकीतून धबधबे पाहताना ज्या बोगद्यांच्या अंधाराचे मुलांना कौतुक वाटते, ते बोगदे या किमतीने खोदले गेले आहेत.

नेरळला उतरल्यावर माथेरानचा चढ मात्र पायी, तट्टावर किंवा डोलीतूनच चढावा लागे. त्यामुळे तेथे जाणारे प्रथम साहेब, मग पारशी, बोहरी आणि गुजराती शेटसावकार. ज्याला तट्टाचे भाडे परवडत नाही आणि घरातील वृद्धांना सात मैलांचा चढ चालवत नाही, अशा मध्यम स्थितीतील कुटुंबाला ही जागा दुरूनच पाहण्याची होती. हा अडसर दूर केला तो आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने. सर आदमजी हे मुंबईचे धनाढ्य बोहरी व्यापारी. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान अशी छोटी रेल्वे बांधण्याचे मनावर घेतले. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ सालच्या मार्चमध्ये गाडी धावू लागली. सुमारे सोळा लाख रुपये खर्च आल्याचे सांगतात. त्या काळच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती. तिकिटाच्या पैशांतून ती भरून निघेल अशी खात्री कोणालाच देता आली नसती. म्हणजे व्यवहारापेक्षा यात हौसेचा भाग मोठा होता, आणि असल्या हौसेचे ऋण नंतरच्या पिढ्या सहज विसरतात.

दोन फूट रुंदीचा रूळ, सुमारे वीस किलोमीटरचा मार्ग, आणि त्यात समुद्रसपाटीजवळच्या नेरळपासून सुमारे आठशे मीटर उंचीपर्यंतचा चढ. काही ठिकाणी तो वीसास एक इतका आहे, म्हणजे वीस पावले पुढे जाताना एक पाऊल वर. एवढ्या तीव्र वळणांवर साधे इंजिन रुळावरून घसरले असते. म्हणून जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कंपनीकडून चाकांचे आस वळणानुसार थोडे सरकू शकतील अशा खास बनावटीची चार इंजिने आणली गेली. गाडी धापा टाकीत चढे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज या स्थानकांवर थांबे घेई, आणि मध्येच पाणी पिऊन ताजीतवानी होई. तिचा वेग इतका बेताचा असे की धीट मुले खाली उतरून काही अंतर तिच्याबरोबर चालत आणि पुन्हा आत चढत, हे सांगताना आजही माथेरानला जाऊन आलेल्या वृद्धांचे डोळे चमकतात. पावसाळ्यात दरडींच्या भयाने ती बंद राही, आणि माथेरानही त्या चार महिन्यांत धुक्यात गुडूप होऊन जाई.

या गाडीने मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाला डोंगरमाथा दिला. मे महिन्याची रजा, बरोबर वळकटी, स्टोव्ह आणि लाडूचा डबा, भाड्याच्या खोलीतला आठ दिवसांचा संसार, सकाळी एक पॉइंट आणि संध्याकाळी दुसरा, परतताना चिक्की, मध आणि चामड्याच्या चपला. लाल मातीने माखलेले पाय हा त्या प्रवासाचा शिक्का असे. स्त्रियांच्या दृष्टीने या रजेचे मोल अधिक होते. शहरात पतीपत्नींनी बरोबरीने रस्त्यावरून चालणे ही गोष्ट विसाव्या शतकाच्या प्रारंभीदेखील सर्वत्र सहज मानली जात नसे. माथेरानच्या झाडीतल्या वाटांवर कोणी ओळखीचे नसे, आणि असले तर तेही सपत्नीकच फिरायला आलेले असे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत पतीबरोबरच्या सरकारी दौऱ्यांतील दिवसांविषयी लिहिले आहे. गावोगावच्या त्या प्रवासात त्यांना जो मोकळेपणा लाभला तो पुण्याच्या वाड्यात सहसा लाभला नव्हता. रमाबाईंना जे पतीच्या हुद्द्यामुळे मिळाले, ते पुढच्या पिढीतील कारकुनाच्या आणि शिक्षकाच्या पत्नीला आठ दिवसांपुरते का होईना, रेल्वेच्या तिकिटाने मिळू लागले.

परंतु रजा ही तरी किती जणांना होती? मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत असे, आणि आठवड्याची ठराविक सुट्टी त्याला नव्हती. सणावाराला गिरणी बंद राहील तेवढाच विसावा. या मजुरांची बाजू नारायण मेघाजी लोखंडे यांनी घेतली. लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. स्वत: गिरणीत नोकरी केलेली असल्यामुळे मजुरांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. १८८४ पासून त्यांनी गिरणीमजुरांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० सालच्या २४ एप्रिलला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्या काळात हजारोंच्या समुदायापुढे उभे राहून गिरणीतल्या बायकांनी बोलावे, ही घटना आजही थांबून विचार करायला लावणारी आहे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला सरकारी आधार मिळाला. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो मजुरांच्या भावनेलाही जवळचा होता. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, आणि त्या साथीतच १८९७ मध्ये लोखंडे मरण पावले. आज रविवारी डबा भरून बाहेर पडणाऱ्या किती कुटुंबांना त्यांचे नाव माहीत असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

रविवार मिळाला म्हणून गिरणीकामगार माथेरानला गेला नाही. तेवढा पैसा त्याच्याजवळ नव्हता, आणि बहुधा कुटुंबही नव्हते. ते गावी असे. त्याची सहल भायखळ्याच्या राणीच्या बागेत होई. १८६२ साली खुली झालेली ही बाग आता वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने ओळखली जाते. वाघ, हत्ती, मोठमोठी परदेशी झाडे आणि बागेतच असलेले वस्तुसंग्रहालय यांनी गिरणगावातील मुलांच्या कित्येक पिढ्यांचे रविवार भरून टाकले. याखेरीज चौपाटीची वाळू होती, आणि वर्षातून एखाद्या वेळी लाँचमधून घारापुरी. कोकणातल्या चाकरमान्याला मात्र निसर्गासाठी वेगळी यात्रा करावीच लागत नसे. शिमग्याला आणि गणपतीला तो बोटीने, मग गाडीने घरी जाई, आणि तेथे माड, पोफळी, समुद्र हे सारे त्याच्या अंगणातच असे. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आलेला माणूस परतताना फोटो आणी, आणि चाकरमानी फणस आणी. निसर्गाशी नाते कोणाचे अधिक जिवंत, याचा निवाडा फार कठीण नाही.

स्वातंत्र्यानंतर सहलीला नवे वाहन मिळाले. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्याआधी १९३० साली मुंबई-पुणे दख्खनची राणी सुरू झाली होती, पण ती प्रारंभी केवळ शनिवार-रविवारची आणि सुखवस्तूंची गाडी होती. एस. टी. मात्र जेथे रूळ नाहीत तेथेही गेली. शाळांच्या सहली तिने शक्य केल्या. भिंतीवरच्या नकाशात पाहिलेला प्रतापगड, अजिंठ्याची लेणी, कोयनेचे धरण हे खेड्यातल्या मुलांनी प्रत्यक्ष पाहिले ते या गाडीच्या लाकडी बाकांवर बसून. आणि आईवडिलांनी पूर्वी न पाहिलेली जागा मुलाने आधी पाहिली, असा प्रसंग कित्येक घरांत प्रथमच घडला.

किल्ले चढण्याची हौस ही या सहलींची एक खास मराठी शाखा. सिंहगडावर लोकमान्य टिळकांचा बंगला होता, आणि उन्हाळ्यात ते तेथे विश्रांतीला आणि लेखनाला जात. पुणेकरांना त्यामुळे गडाची वाट ठाऊक होतीच. पुढे गोपाल नीलकंठ दांडेकर यांनी आयुष्यभर गड पायाखाली घातले, त्यांवर लिहिले आणि तरुणांना मागे चालायला लावले. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' लिहून तर दूर कोठे न जाताही घराजवळच्या झाडाकडे बारा महिने कसे पाहावे, हे दाखवून दिले. सिंहगडावर आज पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही यांसाठी चढणारे अधिक, की इतिहासासाठी चढणारे अधिक, अशी थट्टा केली जाते. केली जावी. दमून आलेल्या माणसाला गडावर घरची भाकरी मिळते ती गडाच्या परिसरातील स्त्रियांनी डोक्यावरून सामान वाहून चालविलेल्या चुलींमुळे, आणि वनभोजनाच्या तीन दगडांशी त्या चुलींचे नाते तुटलेले नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांनीही आपापले डोंगर आणि आपापल्या बागा शोधल्या. बडोद्यात महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी कमाटी बाग प्रजेसाठी खुली केली, आणि तेथील मराठी घरांच्या संध्याकाळी तिच्याशी जोडल्या गेल्या. इंदूरकरांना पाताळपाणीचा धबधबा, बेळगावकरांना आंबोली, नागपूरकरांना रामटेक आणि चिखलदरा. ज्या त्या गावच्या माणसाला आपल्याच धबधब्याचे पाणी अधिक शुभ्र वाटते, आणि त्याविषयी वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता या साऱ्याला दुसरीच काळजी ग्रासू लागली आहे. ज्या एकांतासाठी माणसे वर गेली तो एकांत त्यांच्या संख्येनेच नाहीसा होत आहे. महाबळेश्वर आणि पाचगणी हा परिसर २००१ साली, आणि माथेरानचा परिसर २००३ साली पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित करण्यात आला. माथेरानला मोटारींना बंदी आहे, ती तर फार जुनी. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे पायी जायचे. या एका नियमाने माथेरानचे जितके रक्षण केले तितके कोणत्याही भिंतीने केले नसते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत छोट्या रेल्वेचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि ती २००७ पर्यंत बंद राहिली. २०१९ च्या पावसानेही मार्गाचे नुकसान झाले, आणि नेरळपासून माथ्यापर्यंत गाडी पुन्हा धावली ती २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये.

पण मोटारबंदीची किंमत कोणीतरी देत होते. दस्तुरीहून बाजारपेठेपर्यंत ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडे होते आणि माणसांनी ओढलेल्या रिक्षा होत्या. लाल मातीच्या चढावर दोघे-तिघे जण एका कुटुंबाला ओढीत आणि ढकलीत नेत. कोलकात्यातील हातरिक्षांविषयी कळवळ्याने बोलणारी माणसे माथेरानला त्याच रिक्षात बसून दरीची शोभा पाहत. या श्रमातून सुटका मागण्यासाठी रिक्षा ओढणारे स्वत:च न्यायालयात गेले. २०२२ च्या अखेरीस बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी असा आदेश दिला. बॅटरीची रिक्षा आधी हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळावी, ही त्यांची मागणी होती, कारण सुटका झाली तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटायला हवी. घोडेवाल्यांनाही आपल्या पोटाची चिंता वाटली, आणि डोंगरावर एकदा चाके आली की त्यांपाठोपाठ मोटारी येतील, हे भय वनप्रेमींनी बोलून दाखविले. तिन्ही बाजूंना आपापले खरे कारण होते.

दस्तुरीपासून बाजारापर्यंतची वाट सुमारे अडीच-तीन किलोमीटरची आहे. बराचसा भाग सावलीचा आहे आणि चढ फारसा अवघड नाही. रुळांच्या कडेने ती चालत गेले तर वाटेत जांभळाची झाडे लागतात, माकडे लागतात, आणि ज्या कुटुंबात लहान मुले आहेत त्यांना साधारण तासभर लागतो.